जखमी सैनिक आधी, नागरिक मागाहून

युद्धातला जखमी माणूस पुण्याला नवा नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासूनचं, सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) 1948 पासूनचं. खडकीत कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या जवानांसाठी वेगळं केंद्र आहे. पण हा जखमी गणवेशातला. लढाईत नाहक सापडलेल्या माणसावर कोणी उपचार करायचे, हा प्रश्न जगाने बराच उशिरा हाती घेतला.

ही गोष्ट सहसा सोल्फेरिनोच्या लढाईपासून सांगतात. 24 जून 1859, उत्तर इटली. धंद्याच्या कामासाठी तिकडे गेलेल्या आंरी द्युनां या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याने जवळच्या कास्तिल्योने गावातल्या चर्चमध्ये फरशीवर खेटून पडलेले जखमी पाहिले. गावातल्या बायका पाणी आणि फडकी घेऊन त्यांच्यातून फिरत होत्या. कोण कुठल्या सैन्यातला, हे न विचारता ‘सगळे भाऊच’ म्हणत होत्या. त्यातून 1863 साली रेडक्रॉसची मूळ समिती उभी राहिली आणि 1864 साली युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी पहिला जिनिव्हा करार झाला. त्या करारात गावकरी आहेत, पण जखमींना मदत करणारे म्हणून. तेच जखमी झाले तर काय, याबद्दल करार गप्प आहे. नागरिकांसाठीचा चौथा करार व्हायला 1949 उजाडलं. मध्ये दोन महायुद्धं होऊन गेली.

करार नव्हता म्हणून डॉक्टर थांबले नव्हते. 1938 साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले दोघे आपल्याकडचे: नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले.

नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राच्या युद्धातल्या अनुभवानंतर काही फ्रेंच डॉक्टरांनी पत्रकारांसोबत 1971 साली ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ (सीमा न मानणारे डॉक्टर) ही संस्था काढली. उपचार करायचे आणि दिसलं ते बोलायचंही, हा त्यांचा बाणा. 1999 साली संस्थेला शांततेचं नोबेल मिळालं. ऑक्टोबर 2015 मध्ये अफगाणिस्तानातल्या कुंदुझ इथलं तिचं रुग्णालय अमेरिकेच्या हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झालं, 42 जण मेले. पुढच्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेने रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध ठराव केला. हल्ले थांबलेले नाहीत.

मनाची पाळी सगळ्यात शेवटी आली. ‘शेल शॉक’ (लढाईने मनाला बसलेला हादरा) हा शब्द 1915 पासून वैद्यकात आहे, पण तोही सैनिकांपुरता. मदत संस्थांसाठी मानसिक आधाराची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं थेट 2007 साली आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात दर पाचातल्या एकाला मानसिक विकार असतो. सगळ्यांना पुरतील एवढे मनोविकारतज्ज्ञ अशा ठिकाणी कुठून येणार? म्हणून 2011 पासून शिक्षक, स्वयंसेवक अशा कुणालाही शिकता येईल असा मानसिक प्रथमोपचार शिकवतात: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. ‘बोलून टाक, मन मोकळं होईल’ हा आपला घरगुती सल्ला इथे चालत नाही. काय घडलं ते खोदून विचारायचं नाही. आधी पाणी, पांघरूण, बसायला जागा. मग शेजारी बसायचं. समोरचा माणूस बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर बसून राहायचं. आणि ताटातूट झालेलं घरचं माणूस कुठे आहे, याची चौकशी सुरू करायची.