ग्राउंडवर आम्ही जोड का लावतो (बॅचची पोरं-पोरी आन त्यांच्या घरच्यांसाठी)

सकाळी साडेसहाला पोरगा घ्यायला आलेले काका गेटवरूनच विचारतात, "मना पोऱ्या कितवा उना?" (माझा पोरगा कितवा आला?) आम्ही म्हणतो, काका, आज नंबर काढला नाही. मग काकांचं तोंड उतरतं, फी भरतो आन नंबर पण सांगत नाही म्हणजे काय. प्रश्न बरोबर आहे, म्हणून हे पत्रक: पोलीस भरतीच्या सरावात रोज नंबर काढायचं सोडून आम्ही दोघादोघांची जोड का लावतो.

अमळनेरात बॅच सुरू केली तेव्हा आम्ही पण रोज १६०० मीटरचे नंबर फळ्यावर लिहायचो. पहिले तीन-चार जण फळ्याचा फोटो स्टेटसला टाकायचे आन खालची पाच-सहा पोरं महिन्याभरात यायचीच बंद झाली. पहिला येणारा तर गोळ्याची पकड कोणाला दाखवेना, का तर उद्या मेरिटला हाच आडवा येईल. त्याला तरी काय बोलणार, पोलीस भरतीचं ग्राउंड ५० मार्कांचं, त्यात १६०० ला २० (पोरींना ८००), १०० मीटरला १५, गोळ्याला १५, एका मार्कावर पोरगं घरी बसतं. स्पर्धा खरीच आहे, ती नाकारून चालत नाही.

स्पर्धेने माणूस जोरात पळतो हे १८९८ मधेच नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकनाने मांडलं होतं. सायकलवाले एकट्याने घड्याळाशी लढताना जेवढे जातात त्यापेक्षा सोबत कोणी असलं की जास्त पळतात. मग त्याने ४० पोरांना मासेमारीची गरारी फिरवायला लावली, एकदा एकट्याने, एकदा शेजारी दुसरा ठेवून. २० पोरं फास्ट झाली, १० ना फारसा फरक पडला नाही, आन १० चक्क हळू झाली, जिंकायच्या नादात हातच आखडले त्यांचे. हीच १० पोरं आम्हाला रोज दिसतात भो. समजा १६०० मधे (४०० चे चार राऊंड) एकाने शेजारच्याला मागे टाकायला पहिला राऊंड १:०८ ला मारला, पुढचे १:२०, १:३१, १:३६, झाले ५:३५. तोच पोरगा चारही राऊंड १:२० ने आला असता तर ५:२०.

मग सगळ्यांना एकत्रच पळवा ना, असं एका ताईंनी सुचवलं. त्यातही गोम आहे. मॅक्स रिंगलमन हा फ्रान्समधला शेतीचा इंजिनिअर, त्याने माणसांना दोर ओढायला लावले, तर माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला, ८ जणांत तर माणशी जेमतेम निम्मा. गणपतीतली रस्सीखेच आठवा, मागच्या दोघांचे चेहरे लाल आन हात ढिले. ३० जणांच्या घोळक्यात पळणारं पोरगं तेच करतं, कोणाला दिसतंय.

आमचं उत्तर जत्रेतच सापडलं. कुस्ती लावताना पंच दोघांचं वजन, अंग, तयारी बघून जोड लावतात, उगाच कोणालाही कोणावर सोडत नाहीत. आन हे नुसतं आपल्याकडचंच नाही. १९२० च्या दशकात बर्लिनच्या बोट वल्हवणाऱ्या क्लबात ओटो कोलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दोघादोघांना मिळून एकच वजन उचलायला लावलं, एक थकला की खेळ संपला. तर त्यातला कच्चा गडी एकट्याने टिकायचा त्यापेक्षा जास्त टिकला, आपल्यामुळे सोबत्याचं बुडायला नको म्हणून. पण फरक मध्यम असेल तरच, दोघं अगदी सारखे किंवा जमीन-अस्मानाचे असले की मजा गेली. म्हणून आमची जोड साधारण १० ते २० सेकंदांच्या फरकाची असते, मार्क दोघांचे मिळून धरतो आन मोजतो मागच्याचं टायमिंग. मग पुढचा आपोआप सांगायला लागतो, अरे खांदे ढिले सोड, पहिल्या राऊंडला मरू नको.

जोडीतल्या पुढच्याचं नुकसान होतं का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही होत, मोठे गडी पण सोबत्यांच्या जोरावरच वर गेले. १९५४ मधे इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर ४ मिनिटांच्या आत मैल पळाला (३:५९.४) तेव्हा ब्रॅशर आन चॅटवे हे दोघं आळीपाळीने त्याच्या पुढे पळत होते. केनियाचा किपचोगे २०१९ ला व्हिएन्नात १:५९:४० मधे मॅरेथॉन पळाला, त्याच्यासाठी ४१ पेसर (सोबत पळून वेग लावून देणारे) लागले (रेकॉर्डमधे धरलं नाही, ते वेगळं). आपल्या चाळीसगाव तालुक्याचे विजय चौधरी २०१४, १५, १६ असे तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, आन तालमीत रोज अंगाला अंग लावणारा कोणी नसेल तर असा पैलवान तयारच होत नाही.

अजून एक. १९८१ मधे एडवर्ड डेसी हा मानसशास्त्रज्ञ आन त्याच्या सोबत्यांनी काही जणांना 'समोरच्याला हरवा' सांगून कोडी सोडवायला दिली, काहींना नुसतंच सोडवा म्हणाले. हरवायला बसलेल्यांनी नंतर मोकळ्या वेळात कोडी कमी हातात घेतली. भरती हुकली की बूट कपाटावर फेकणारी पोरं बघितली की आम्हाला हेच आठवतं.

तर नंबर लागतो, फक्त शुक्रवारी. त्या दिवशी जोड नाही, सगळे एकमेकांचे वैरी, टायमिंग पालकांच्या ग्रुपवर येतं, त्यात मागच्या शुक्रवारपेक्षा किती सेकंद कमी झाले ते आधी आन नंबर नंतर. पोरी पोरींबरोबरच जोडीला असतात. एप्रिल-मे मधे बॅच पहाटे साडेचारला, सात वाजले की ग्राउंड तापतं, तेव्हा उशिरा आलेल्याची जोड त्या दिवशी मोडते आन सोबत्याचे पण मार्क जातात, त्यामुळे काका, गजर तुम्ही लावा. जोड दर १५ दिवसांनी बदलते. बांधावरून भांडण चालू असलेल्या चुलतभावांची जोड लागली असेल तर आधीच कानात सांगा, मागे एकदा आमच्याकडून लागली होती आन दोघं ४०० मीटरलाच धरणीवर.