पार्श्वभूमी : मधुमेहाचा वैताग आणि नैराश्य यांची गल्लत

मधुमेहाचा संबंध मनाशी जोडणं जुनंच. सतराव्या शतकात एका इंग्रज वैद्याने दीर्घ दुःखाला या रोगाचं कारण ठरवलं होतं. विसाव्या शतकात तर 'मधुमेही स्वभाव' असा काही असतो का, याचाही शोध झाला. तो काही सापडला नाही. 'टेन्शन घेतलं म्हणून शुगर झाली' हे आपल्याकडचं वाक्य मात्र तग धरून आहे.

खरी कलाटणी १९९३ची. टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) रुग्णांची साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांचं नुकसान बरंच टळतं, हे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीने दाखवलं. फायद्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, इन्सुलिनची तीन किंवा जास्त इंजेक्शनं नाहीतर पंप. आणि साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग जवळपास तिप्पट. मग एचबीए१सी या रक्ततपासणीचा दबदबा वाढला. उपाशीपोटीच्या तपासणीआधी चार दिवस भात-गोड सोडून रिपोर्ट 'चांगला' आणता यायचा. एचबीए१सीचा आकडा मात्र दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडतो. रिपोर्टचं पाकीट उघडताना निकाल लागल्यासारखी धडधड. आकडा चढला की शेरा ठरलेला : 'पथ्य पाळत नाही.'

१९९५मध्ये मधुमेहाच्या ओझ्याचा हा वैताग मोजणारी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली आली. पथ्य मोडल्यावर अपराधी वाटतं का, पुढच्या गुंतागुंतीची भीती वाटते का, रोजच्या या रगाड्याने थकलात का? २००५च्या सतरा प्रश्नांच्या प्रश्नावलीत डॉक्टरांमुळे आणि घरच्यांमुळे होणारा त्रासही मोजला गेला. 'तुला चालतं का ते?' हे पंगतीतलं वाक्य ऐकलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

घोळ झाला तो नावाचा. नैराश्याच्या चाचण्या थकवा, झोप आणि भूक यांबद्दल विचारतात. साखर वाढली तरी हीच लक्षणं दिसतात. त्यामुळे आजाराच्या ओझ्याने वैतागलेली कितीतरी माणसं 'डिप्रेशन'च्या खात्यात गेली. प्रत्यक्ष मुलाखतीत त्यांतल्या अनेकांना तो आजार नव्हताच. दोन्ही एकत्र असू शकतात, तेव्हा नैराश्यावर उपचार हवेतच. पण नुसत्या वैतागावर गोळी देऊन इन्सुलिनची भीती किंवा घरातली पाळत जात नाही, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला फार उशीर लागला.

मराठीत यासाठी रुळलेला शब्द अजून नाही. माणसं 'कंटाळा आलाय' म्हणतात, आणि समोरचा त्याला आळस समजतो.