पार्श्वभूमी : गिऱ्हाईक ते ग्राहक

'ग्राहक' आणि 'गिऱ्हाईक' हे एकाच कुळातले शब्द, पण दोघांचा मान सारखा नाही. 'त्याचं चांगलंच गिऱ्हाईक केलं' म्हणजे चारचौघांत टिंगल केली. ग्राहक कोणी कोणाचा करत नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखाली पिशवी घेऊन उभा राहायचा तो गिऱ्हाईकच.

अर्थशास्त्राने त्याला केव्हाच गादीवर बसवलं होतं. सगळं उत्पादन शेवटी उपभोगासाठीच, असं अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये लिहून ठेवलं. पण दुकानात तेलच नसेल तर राजाने निवड कशाची करायची? १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईतल्या बायका एकत्र आल्या आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांचं गाऱ्हाणं एका दुकानदाराशी नव्हतं, सरकारशी होतं.

पुढचं पाऊल जास्त चिकाटीचं. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारच्या घरांचा गट करायचा, महिन्याच्या वाणसामानाची यादी आधी द्यायची, खरेदी संस्थेने घाऊक करायची आणि माल आला की सभासदांनीच वाटून घ्यायचा. मोर्च्याइतकं हे दिसत नाही, पण मला तरी खरी चळवळ इथेच सापडते.

कायदा उशिरा आला. अमेरिकेत केनेडींनी १५ मार्च १९६२ रोजी ग्राहकाचे चार हक्क मांडले होते; आपला ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ चा. आता २०१९ च्या कायद्यानुसार, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरायचे. म्हणजे ती पाटी सदोष मालापुरती तरी निकामी झाली.

मात्र कायद्याचा ग्राहक म्हणजे मोबदला देणारा, किंवा निदान तो द्यायचं कबूल केलेला. १९९५ मध्ये डॉक्टरांची सेवा या कायद्यात येते असा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ओढली. सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या रुग्णालयातला रुग्ण ग्राहक नाही. पण जिथे काही जण पैसे भरतात, तिथल्या शेजारच्या खाटेवरचा फुकट रुग्णही ग्राहक!