आंत्रपुच्छदाह

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटाच्या खालच्या उजव्या भागात करंगळीएवढी एक नळी लोंबत असते. तिला आंत्रपुच्छ म्हणतात आणि तिला सूज आली की तो आंत्रपुच्छदाह. सातारा-सांगलीकडे अवयव आणि आजार दोन्हींना एकच नाव: अपेंडिक्स. ‘पोराला अपेंडिक्स झालंय’ असे सांगतात, जणू बाकीच्यांना ते नसतेच.

हे दुखणे सुरुवातीला फसवते. पहिली कळ बेंबीभोवती येते, नेमकी जागा दाखवता येत नाही. घरचे निदान ठरलेले असते: गॅस झाला, नाहीतर बेंबी सरकली. मग ओवा, हिंगाचे पाणी, शेवटी पोट चोळून घेणे. पण साधारण १२ ते २४ तासांत दुखणे उजवीकडे खाली उतरते आणि तिथेच ठाण मांडते. बेंबी जागेवरच असते, सरकते ते दुखणे, आणि हीच सगळ्यांत बोलकी खूण. आंत्रपुच्छाच्या नसांचा संदेश आधी बेंबीच्या पट्ट्यातला वाटतो. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की खरी जागा कळते. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे एक तृतीयांश अंतरावरचा हा बिंदू अमेरिकी सर्जन मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये नोंदवला.

अन्नावरची वासना उडते, मळमळते, एखाद-दोन उलट्या होतात, बारीक ताप येतो. रोगी उजवा पाय दुमडून निजतो. जतहून मिरजेकडे येताना प्रत्येक गतिरोधकावर तो पोट धरत असेल, तर डॉक्टरांना हे जरूर सांगावे. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायकांत मात्र लक्षणे अशी सरळ दिसतीलच असे नाही.

बहुतेकदा नळीचे तोंड बंद होते: मळाच्या कडक खड्याने, मुलांत नळीच्या भिंतीतल्या लसिका ऊतींच्या (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांच्या) सुजेने, क्वचित जंताने. आत स्राव साचतो, जंतू वाढतात, रक्तपुरवठा तुटतो. पेरूच्या बियांवर आळ घेतात, पण बी अडकल्याची उदाहरणे फार दुर्मीळ. तासगावची द्राक्षे तर बहुतेक बिनबियांचीच.

नळी फुटली की दुखणे कधी कधी एकदम हलके होते. घरच्यांना बरे वाटते आणि पोटभर पू पसरत असतो. एरंडेल, जुलाब, चोळणे यांनी ती फुटण्याचा धोका वाढतो. रक्ततपासणी, सोनोग्राफी, गरजेनुसार सीटी स्कॅन करून निदान होते. दुर्बिणीने नळी काढणे हा रुळलेला उपाय. निवडक रोग्यांना प्रतिजैविकांवरही भागते, मात्र आजार उलटू शकतो. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत रोग्याला चहासुद्धा पाजू नये.