लहान पंखा म्हणजे कमी आवाज?

"आवाज नको असेल तर सर्वांत लहान एक्झॉस्ट पंखा घ्या," असा सल्ला घरात रोपं वाढवणाऱ्यांमध्ये कायम फिरतो. ऐकायला पटतो, पण घडतं उलटंच. वास शोषून घेणारा कार्बन फिल्टर हवा अडवतो, त्यामुळे लहान पंख्याला सतत पूर्ण वेगाने फिरावं लागतं. मोठा पंखा तेवढीच हवा निम्म्या वेगात ओढतो. वेग निम्मा झाला की त्याच पंख्याचा आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो.

2 घनमीटर जागेतली हवा मिनिटाला एकदा बदलायची तर ताशी 120 घनमीटर लागते. फिल्टरसह ताशी 200 ते 250 घनमीटर क्षमतेचा पंखा घ्यावा. फिल्टरची क्षमताही तेवढीच हवी.

पडताळणी सोपी आहे: एक मीटरवर आवाज मोजणारं ॲप असलेला मोबाइल ठेवून पूर्ण आणि निम्म्या वेगाचा आवाज मोजा. निम्म्या वेगाला नुसती घरघर आली तर दोष बहुधा साध्या रेग्युलेटरचा; ईसी मोटर (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेग बदलणारी) असेल तर ती सहसा येत नाही.