मराठी टायपिंगचं घोडं विंडोजमध्ये कुठे कुठे अडलं

विंडोजमध्ये अजून काय पाहिजे असं रोज मराठी लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं उत्तर हेच येणार की मराठी टाईप करायला शोधाशोध, डाउनलोड, सेटिंग असलं काही करायला लागू नये. मागणी एवढीशीच, पण तिला तीसेक वर्षं तरी झाली.

विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात कॉम्प्युटरला देवनागरी माहीतच नव्हती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड आलं, म्हणजे चक्क मशीन उघडून आत कार्ड बसवायचं तेव्हा कुठे स्क्रीनवर क दिसणार. त्याच सुमारास इस्की हे कोडिंग, म्हणजे भारतीय अक्षरांना कॉम्प्युटरसाठी ठरावीक क्रमांक, ठरलं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. सोबत इन्स्क्रिप्ट कीबोर्ड: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, के दाबला की क आणि शिफ्ट धरून के दाबला की ख. मांडणी डोकं लावून केलेली आहे, पण टायपिंग क्लासला रेमिंग्टन टाइपरायटरवर मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देऊन आलेल्यांची बोटं कोण बदलणार? पुढे विंडोजने इन्स्क्रिप्टच दिला आणि ऑफिसातल्या मंडळींना हवा होता टाइपरायटरसारखा, ती कुरकुर अजून संपलेली नाही.

मधल्या काळात सगळा कारभार फॉन्टवर चालला. श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश, सुरेख वगैरे. यात गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाईप करत असायचात, फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला, त्यामुळे दुसऱ्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडायचा. आमच्या सोसायटीची नोटीस मी एकदा पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सवाल्याकडे नेली तर तिथे उघडल्यावर कंस, टक्के, उद्गारचिन्हं असलं काहीतरी दिसलं, शेवटी हातानेच लिहून काढली.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक, आणि देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तीही इस्कीवरूनच घेतलेली. पण ते विंडोजमध्ये यायला विंडोज २००० उजाडलं. सोबत आला मंगल फॉन्ट, जो आयआयटी मुंबईत शिकवलेल्या र. कृ. जोशींनी केला, म्हणजे मराठी सुलेखनकाराचं अक्षर जगभरच्या मशीनमध्ये गेलं, हे फार कमी जणांना माहीत असतं. एवढं होऊनही विंडोज एक्सपीमध्ये हे सगळं आपोआप चालू नसायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचं, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या, चौकोनात टिक करायची, की ते विंडोजची सीडी मागणार, आणि सीडी कुणाकडे होती हो? असेंबल करून देणारा सीडी स्वतःकडेच ठेवायचा. मग मराठी साइट उघडली की नुसते चौकोन, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली. विंडोज ७ पर्यंत येईतो हा त्रास संपला.

पण दिसणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हा फरक मराठीत लागतोच, तो ऱ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे वर आहे, मग पाय मोडायला डी, मग य. हे कुणी सांगितलंच नाही तर माणसाला कळणार कसं? इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायचा फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० मध्ये थेट २०१९ ला आला, मराठीसकट १० भारतीय भाषांसाठी. तोपर्यंत लोक ऑनलाइन कुठेतरी टाईप करून वर्डमध्ये कॉपी-पेस्ट करत बसले होते, काही अजून करतात.

आणि तो ॲ. ॲप, ॲसिड, ॲडमिशन, दिवसाला दहा वेळा लागणारं अक्षर, पण युनिकोडमध्ये ते स्वतंत्रपणे आलं २००८ ला, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे, अजूनही देतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे फाइलमध्ये ॲडमिशन शोधा, समोर दिसत असलं तरी सापडत नाही.