ओढणं वेगळं, पेलणं वेगळं: ट्रेलरसाठी पिकअप निवडताना

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न पिकअपचा येतो. शोरूममधला माणूस एकच आकडा पुढे करतो, "ही अकरा हजार पाऊंड ओढते." आपला ट्रेलर साडेसात हजारांचा. साडेतीन हजार हातचे राहिले, असं समजून आपण सही करून मोकळे होतो. पण गाडी किती ओढते आणि किती पेलते हे दोन वेगळे हिशेब आहेत. हाफ-टन पिकअपमध्ये, म्हणजे फोर्ड एफ-१५० च्या वर्गातल्या गाडीत, बहुतेक वेळा ओढायची ताकद शिल्लक असतानाच पेलायची मर्यादा संपते.

ओढण्याचा आकडा म्हणजे टोइंग कपॅसिटी. तो ठरतो इंजिन, गिअरबॉक्स, कूलिंग, ब्रेक आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअर रेशोवर. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या जे२८०७ या चाचणीत अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हात, एसी चालू ठेवून, ट्रेलरसकट चढायचा असतो. चाचणी खरोखर कडक आहे. फक्त त्यात गाडीत दोनच माणसं धरतात, तीही प्रत्येकी १५० पाऊंडांची. तुमची मुलं, कुत्रा, कूलर, जळणाची लाकडं यांची त्या आकड्यात सोय नाही.

पेलण्याचा आकडा म्हणजे पेलोड. तो ब्रोशरमध्ये शोधू नका. ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या खांबावरचं टायरच्या हवेचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या किलोच्या, इतक्या पाऊंडांच्या वर जाता कामा नये, असं तिथे लिहिलेलं असतं. या 'माणसां'त ड्रायव्हरही आला. हा आकडा त्या एका गाडीचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, भारी सीट असं काहीबाही वाढत गेलं की तो घटत जातो. म्हणून एकाच मॉडेलच्या शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्यांच्या स्टिकरवर शेकडो पाऊंडांचा फरक दिसू शकतो. २०२१ च्या एफ-१५० ला फोर्डने ओढण्याची कमाल १४,००० पाऊंड आणि पेलण्याची ३,३२५ पाऊंड दिली होती, पण हे दोन आकडे वेगवेगळ्या बांधणीच्या गाड्यांचे होते. जाहिरातीत ते जोडीने येतात, एका गाडीत नाही.

आता ट्रेलर तर मागे चाकांवर चालतो, मग त्याचा भार गाडीवर कसा? बैलगाडी पाहिलेल्याला हे लगेच कळेल. माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि बैलाच्या मानेवर भार येतो. मागे जास्त झाला की ती उलाळ होते. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, येणारा भार म्हणजे टंग वेट. तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो आणि सगळाच्या सगळा पेलोडमधून वजा होतो. तो कमी करायला सामान मागे सरकवायचा मोह होतो, पण तसं कधीही करू नका. उलाळ ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा झुलायला लागतो, आणि एकदा झुलायला लागला की आवरणं फार कठीण.

वरचंच उदाहरण घेऊ. ट्रेलर ७,५०० पाऊंड, त्याचे १३ टक्के म्हणजे ९७५. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ५३०. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे ९०. मागच्या बेडमध्ये, म्हणजे पिकअपच्या उघड्या हौद्यात, जनरेटर, कूलर, लाकडं यांचे १५०. बेरीज १,७४५. स्टिकरवर १,५०० असतील तर २४५ पाऊंड जास्त झाले, आणि ओढण्याच्या हिशेबात अजून साडेतीन हजार शिल्लकच दिसताहेत! वेट डिस्ट्रिब्युशन हिच मागच्या अ‍ॅक्सलवरचा थोडा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर सरकवतो. तो लावाच, पण त्याने स्टिकरवरचा आकडा बदलत नाही.

हा हिशेब ट्रेलरच्या रिकाम्या वजनावर करू नका. ४० गॅलन पाणी भरलं की तेच ३३० पाऊंडांच्या वर जातं. प्रोपेनच्या टाक्या आणि बॅटरी तर बहुधा पुढच्या टोकावरच असतात, म्हणजे थेट हिचच्या जवळ. ट्रेलरच्या प्लेटवरचं कमाल वजन धरा.

एफ-२५० किंवा २५०० च्या वर्गातली, म्हणजे हाफ-टनच्या वरच्या वर्गातली, गाडी लोक जास्त ओढायला म्हणून घेतात. माझ्या मते कुटुंबासाठी तिचा खरा फायदा जाड स्प्रिंगांचा आणि मोठ्या पेलोडचा आहे. तिथेही डिझेल घेताना स्टिकर वाचाच. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, त्यामुळे ओढायची ताकद वाढते आणि पेलायची कमी होते. भरपूर साजशृंगाराची डिझेल २५०० कधी कधी २,००० पाऊंडांच्या आसपासच येऊन थांबते.

गाडी घेतल्यावर पहिल्याच सहलीला, पाणी भरून, मुलांना सीटवर बसवून, ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजनं पावतीवर वेगवेगळी छापून येतात. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा दाराच्या खांबावरच्या दुसऱ्या लेबलवर असते. पावती तिथे धरून ताडून पाहा.